एक्केचाळीस नंबरच्या दारातली वाट

हे लिहायचंच न्हाय असं रविराजनं ठरवलं होतं. दोनदा फोनवर टाइप केलं, दोनदा पुसलं. तिसऱ्या वेळी अर्ध्यात बॅटरी संपली तर त्याला उलट बरं वाटलं. लिहिलं की लोक विचारणार, खरं किती आणि मनचं किती, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडं न्हाय. पण गप्प बसायचं म्हटलं तर हुंबरवाडीनं पन्नास वर्षं जे केलं तेच त्यानंबी केलं असं झालं असतं. म्हणून शेवटी लिहिलं. ‘मी, मी’ करत लिहायला जमेना, हात थांबायचा. मग स्वतःलाच रविराज म्हणत, लांबनं दुसऱ्याकडं बघितल्यासारखं लिहिलं, तेव्हा कुठं पुढं सरकलं.

तर रविराज निपाणीचा. घरची तंबाखूची शेती, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. नकाशा वाचायला त्याला कुणी शिकवलं न्हाय. स्पर्धा परीक्षेची जुनी गाइडं आणि फोनवरचे व्हिडिओ, एवढ्यावर तो शिकला. आधी दिशा बघायची, मग प्रमाण, मग खुणा. माणूस पाण्याजवळ घर करतो, रस्त्याच्या कडेनं घरं वाढवतो, आणि चालताना जवळची वाट काढतो. मधी झाड, विहीर, भिंत कायतरी असल्याशिवाय पायवाट वळत न्हाय. हे वाक्य त्याला लई आवडायचं. कुठल्याबी गावाचा नकाशा हातात आला की तो आधी वाटांची वळणं बघायचा आणि कारण हुडकायचा. कारण सापडायचंच.

गेल्या माघात त्याला नव्या हुंबरवाडीचं काम मिळालं. गावांचे नवे नकाशे करायचं काम एका एजन्सीकडं आलतं. ड्रोन वरनं फोटो काढणार, त्याआधी प्रत्येकानं आपल्या जागेची हद्द चुन्याच्या फक्कीनं आखायची, आणि नंतर रविराजसारख्या पोरांनी घरोघर फिरून शीटवर नंबर आणि नाव टाकायचं. प्रत्येक जागेपुढं तीनातला एक शब्द लिहायचा. वस्ती, वापरात, न्हायतर रिकामी.

हुंबरवाडी त्याला नवी नव्हती. त्याचा शाळेपासनंचा दोस्त प्रेमानंद तिथला. आता निपाणीत एका खासगी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमधी कामाला होता. जुनी हुंबरवाडी डोंगरापलीकडं धरणात गेलेली. पन्नास वर्षांपूर्वी सरकारनं माळावर नवी वसवली, आणि वसवताना एक काम मात्र मनापासनं केलं. जुन्या गावात जे घर ज्या नंबरला, ज्या गल्लीत, ज्याच्या शेजारी, तोच नंबर, तीच गल्ली, तोच शेजार नव्या गावात दिला. लोक खूश झाले. शेजारी तुटला न्हाय. पण त्यामुळं असंबी झालं की जुन्या गावात ज्यांना कडेला ठेवलेलं ते नव्या गावातबी कडेलाच आले. प्रेमानंदचं घर अठ्ठावन्न नंबर, शेवटच्या ओळीत, नाल्याला लागून. माळ एवढा मोकळा पडलेला असताना. पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात यायचं, आणि त्याची आज्जी सुलाबाई खाटंवर पाय घेऊन बसायची.

गावाच्या मधोमध, देवळापासनं हाकेच्या अंतरावर, एक प्लॉट मोकळा होता. नंबर एक्केचाळीस. प्रेमानंदनं त्या जागेसाठी तीन वर्षांमागं अर्ज दिलेला. यादीत त्याचा नंबर पहिला. पण दर वेळी पंचायतीतले मष्णू आप्पा म्हणायचे, बघूया. जागा मालुबाईची हाय, मालुबाई लेकीकडं गेलीया. प्रेमानंद म्हणायचा, पन्नास वर्षं झाली, म्हातारी तेव्हाच सत्तरीची होती, लेकीकडं अजून चहा प्यालीया काय? कागदावर मात्र मालुबाई होती. जुन्या यादीवरनं नवी यादी काढायची, नाव तसंच खाली यायचं. मालुबाई, हजर.

आता मात्र शीट रविराजच्या हातात होती. त्यानं एक्केचाळीसपुढं ‘रिकामी’ लिहिलं की पंचायतीला ती जागा यादीतल्या पहिल्या माणसाला द्यावीच लागणार. ‘वस्ती’ लिहिलं की परत दहा-पंधरा वर्षं कोण त्या नकाशाला हात लावणार न्हाय. शुक्रवारी शीट पाठवायची होती. प्रेमानंदनं त्याला काय सांगितलं न्हाय, फक्त एकदा आज्जीच्या खाटंचे पाय दाखवले. प्रत्येक पायाखाली तीन-तीन विटा.

सोमवारी ड्रोनची शीट आली. टेबलाएवढा कागद, त्यावर वरनं दिसणारं अख्खं गाव. रविराजनं सवयीप्रमाणं आधी वाटा बघितल्या. देवळापासनं पाण्याच्या टाकीपर्यंत मधल्या गल्लीतनं एक पायवाट जाते. घासून घासून पांढरी पडलेली. ती एक्केचाळीसपर्यंत सरळ येत होती, आणि तिथं बाहेर वळत होती. चार पावलं बाहेर, सात पावलं पुढं, चार पावलं परत आत. मग पुन्हा सरळ. एखाद्यानं पट्टी धरून कोपरे काढावेत तशी. आणि त्या कोपऱ्यांच्या आत काय न्हाय. झाड न्हाय, दगड न्हाय, खड्डा न्हाय. मोकळी सपाट जमीन.

तो जाऊन देवळाच्या पायरीवर बसला. दुपारचे तीन. माळावर वाळत घातलेल्या तंबाखूचा उग्र वास सुटलेला. एक बाई घागर घेऊन आली, एक्केचाळीसपाशी आली, वळली, पुढं गेली, परत आत आली. तिच्या मागनं सायकलवर पोरगं, तेबी तसंच वळलं, हँडल न बघता. मग शेरडं आली. सहा शेरडं, ओळीनं, कोपऱ्याला कोपरा. माणूस सवयीनं वळला तर समजू शकतो, पण शेरडू गेल्या वर्षीचं, त्याला कसली सवय? रविराजनं घागरवाल्या बाईला हटकून विचारलं, आक्का, वळलीस का गं तिथं? ती म्हणाली, कुठं वळले? सरळच आले की. आणि तिला खरंच तसं वाटत होतं, हे तिच्या तोंडावरनं दिसत होतं.

रविराजच्या डोक्यात आधी वेगळाच संशय आला, ते लपवून उपयोग न्हाय. त्याला वाटलं, हे सगळं प्रेमानंदला मधल्या गल्लीत येऊ द्यायचं न्हाय म्हणून रचलेलं हाय. मालुबाई, लेक, बघूया, सगळं. तो तिरीमिरीत मष्णू आप्पांकडं गेला आणि तोंडावर बोलला. आप्पा सत्तरीचे, पंचायतीत चार वेळा निवडून आलेले, बोलण्यात कुणाला हार न जाणारे. त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली आणि नुसते म्हणाले, तसं नव्हं रं. तुला वाटतंय तसं असतं तर बरं झालं असतं.

हे बोलणं रविराजला काय कळलं न्हाय. पण त्याला एक आठवलं. गावच्या जत्रंला घरटी एक नारळ असतो. घरं बासष्ट, नारळ त्रेसष्ट फुटतात. वरचा एक नारळ दर साली मष्णू आप्पा आणतात. लहानपणी तो आणि प्रेमानंद त्या नारळाच्या खोबऱ्यासाठी भांडायचे.

मंगळवारी दोघांनी खरं-खोटं करायचं ठरवलं. रविराजकडं एजन्सीनं दिलेला रोव्हर होता. म्हणजे उंच काठी, टोकाला पांढरी डबी, ती आकाशातनं जागा पकडते. चार बोटंसुद्धा चुकत न्हाय. त्यानं गल्लीतल्या लाइटच्या खांबापासनं पुढच्या लिंबापर्यंत सुतळी ताणली, अगदी सरळ, एक्केचाळीसच्या तोंडासमोरनं. एका हातात सुतळी, एका हातात काठी, आणि तो चालत गेला. पायांकडं बघत गेला. सरळ गेला. लिंबापाशी प्रेमानंद उभा होता, त्याला त्यानं मान हलवून विचारलं, बघितलंस?

प्रेमानंद म्हणाला, वळलास की.

रविराज म्हणाला, सुतळी हातात होती माझ्या.

प्रेमानंद म्हणाला, मधी सोडलीस आणि पुढं जाऊन परत धरलीस.

रोव्हरचा स्क्रीन उघडला. चार पावलं बाहेर, सात पुढं, चार आत. मग प्रेमानंद चालला आणि रविराजनं बघितलं. प्रेमानंदनं सुतळी सोडली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, झोपेत कूस बदलतो तसं. त्यालाबी वाटलं तो सरळ आला.

आता राहिलं एकच. मधल्या त्या चौकोनात जाऊन काठी रोवायची आणि चारी कोपरे धरायचे. वाटंनं गेलं की पाय वळत होते, म्हणून रविराज बाजूच्या घराच्या भिंतीला पाठ घासत आडवा सरकत गेला. गेला आत. ऊन चांगलं होतं, चार वाजायचे होते, पलीकडं एका घरात टीव्ही लागलेला. त्यानं काठी टेकवली. आणि पायाशी, घोट्याच्या जरा वर, त्याला आवाज आला. खुर्रर्र. दबका, गरम, जवळ येऊ नकोस म्हणणारा. अंड्यांवर खुडूक बसलेल्या कोंबडीच्या अंगाजवळ हात नेला की येतो तो. आणि त्याच्या पायाला ऊब लागली. खाली काय नव्हतं. भुई होती.

रविराज पळाला. रोव्हर तिथंच टाकून पळाला, ते थेट देवळाच्या कठड्याला धरून थांबला. प्रेमानंद हसत हसत मागनं आला, काठी खांद्यावर. म्हणाला, वा रे गडी. शिवजयंतीला भगवा घेऊन पुढं नाचतोस आणि कोंबडीला भिऊन पळतोस.

रविराजला धाप लागलेली. ती उतरल्यावर तो म्हणाला, “मी कुठं म्हटलं कोंबडी?”

प्रेमानंदचं हसू थांबलं. तो म्हणाला, “लहानपणापासनं ऐकतोय. सगळेच ऐकत्यात. कोण बोलत न्हाय.”

मग त्यानं स्वतःच पुढं सांगितलं, की तो बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला, भूत-बित मानत न्हाय, फक्त आवाज येतो एवढंच म्हणतो. आणि आवाज आला म्हणून काय झालं? नाल्याचं पाणी अंथरुणात येतं त्यापेक्षा कोंबडी बरी. घर तिथंच बांधणार.

 वळणाला कारण असतंय हे रविराजच्या डोक्यातनं जाईना. बुधवारी त्यानं पंचायतीच्या कपाटातनं धरणाच्या वेळचे कागद मागून घेतले. मिळाले दोन. एक जुन्या गावाचा नकाशा, कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. दुसरा म्हणजे नव्या गावात आलेल्या माणसांच्या मोजणीचं रजिस्टर.

त्यानं झेरॉक्सच्या दुकानात जुना नकाशा ड्रोनच्या शीटच्या मापाला आणून छापला. दोन्ही कागद खिडकीच्या काचंला एकावर एक धरले. देवळावर देऊळ बसलं, गल्लीवर गल्ली बसली. एक्केचाळीस नंबरवर जुन्या नकाशात एक घर होतं, आणि त्या घराला पुढं, गल्लीत आलेला, एक कट्टा होता. बसायचा कट्टा. सात पावलं लांब, चार पावलं रुंद. नवी वाट त्या कट्ट्याच्या कडंनं जात होती, अर्ध्या बोटानंसुद्धा चुकत नव्हती.

जो कट्टा धरणाच्या तळाशी हाय, त्याला लोक हितं माळावर वळसा घालत होते.

रजिस्टर कन्नडात होतं, निपाणीकडं कारभार कर्नाटकाचाच. रविराजला वाचता येतं. नंबर, नाव, पुढं हजर म्हणून बरोबरची खूण, आणि अंगठा. एक्केचाळीस, मालुबाई, हजर, अंगठा. त्या अंगठ्याच्या ठशात मधनं एक तिरकी पांढरी रेघ होती. जखम भरून वण राहिला की तिथं शाई लागत न्हाय, तशी. सहज त्यानं पुढची पानं उलटली. अठ्ठावन्न नंबर, प्रेमानंदच्या पणज्याचं घर. त्यात सुनंचा, म्हणजे सुलाबाईचा अंगठा. मधनं तीच तिरकी पांढरी रेघ.

त्यानं दोन्ही पानांचे फोनवर फोटो काढले. मग प्रेमानंदला फोन लावला आणि लॅबमधनं लवकर निघून ये म्हणाला.

सुलाबाई चुलीपुढं होती. तिनं रविराजला चहाचा कप दिला तेव्हा त्यानं तिच्या हाताकडं बघितलं. अंगठ्यावर विळ्याचा जुना वण, नखापासनं खाली तिरका. तिनं त्याची नजर बघितली आणि हात पदराखाली घेतला.  रविराजनं फोनवर काढलेले दोन्ही अंगठ्यांचे फोटो तिच्यापुढं ठेवले. म्हातारीला वाचता येत न्हाय, पण आपला अंगठा तिनं वळखला.

तिनं सांगितलं ते असं. ती तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, लग्न होऊन वर्ष झालेलं. मालुबाई मधल्या गल्लीतली, एकटी, कानानं कमी. गावातल्या सगळ्या बाळंतपणाला जायची, सुलाबाईच्या त्या कडेच्या ओळीतसुद्धा जायची, आणि त्या काळात असं जाणारी ती एकटीच. नव्या गावाला पहिल्या ट्रकनं आलती. एक्केचाळीसात तीन दगडांची चूल मांडून तिनं गाठोडं ठेवलं, आणि त्याच दिवशी चालत परत गेली. घरात कोंबडी खुडूक बसलेली होती, अकरा अंड्यांवर. खुडूक कोंबडी हलवली की अंडी वाया जातात. पिल्लं निघायला तीन दिवस राहिलेले. जाताना सुलाबाईला बोलली, मोजायला आलं तर हाय म्हणून सांग गं, पिल्लं निघाली की येते.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली टेबल टाकून कारकून बसला. जो समोर न्हाय त्याचं नाव कट, जागा कट. एक्केचाळीस म्हणून पुकारलं तेव्हा सगळं गाव एकमेकांकडं बघायला लागलं. मष्णू तेव्हा वीस वर्षांचा पोरगा. तो मोठ्यानं म्हणाला, हाय, पाण्याला गेलीया. कारकून म्हणाला, अंगठा पायजे. कोण पुढं होईना. सुलाबाईनं डोक्यावरचा पदर खाली ओढला आणि अंगठा पुढं केला. कारकुनानं तोंड बघितलं न्हाय. तो गेल्यावर सगळे पोट धरून हसले. म्हातारीची जागा वाचवली, सरकारला फसवलं. ती आली की तिला हे सांगून हसवायचं असं ठरलं.

“तिसऱ्या दिवशी सरकारची माणसं खालच्या गावात गेली,” सुलाबाई म्हणाली. “दारोदार. हातात तीच यादी. ज्याच्यापुढं खूण न्हाय त्याच्या दारात जाऊन हाका मारल्या. एक्केचाळीसच्या दारात कोण गेलं न्हाय. खूण होती नव्हं.”

वरच्या अंगाला पाऊस लई होता. पाणी एका रात्रीत चढलं. मष्णू सकाळी डोंगराच्या खिंडीवर पळत गेला, तर मधल्या गल्लीची नुसती कौलं दिसत होती. परत येऊन तो तीन दिवस बोलला न्हाय. मग थोरल्यांनी सांगितलं, खोटा अंगठा दिलाय, पोरगी जेलात जाईल, पोरगंबी जाईल. मालुबाई लेकीकडं गेली, असंच म्हणायचं. मालुबाईला लेक नव्हती.

प्रेमानंदनं विचारलं, आणि वाट? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासनं. कुणी ठरवलं न्हाय, कुणी सांगितलं न्हाय. त्या दिवशी हसून घरला गेलो तेव्हासुद्धा पाय वळलेच होते, ते नंतर ध्यानात आलं.

मग ती चुलीकडं बघत म्हणाली, “ती हितं हाय म्हणून लिवलंय आम्ही. मग ती जाईल कुठं?”

गुरुवारी रविराज प्रेमानंदला घेऊन टाकीच्या कठड्यावर बसला. त्यानं आपलं मन सांगून टाकलं. तो एक्केचाळीसपुढं ‘वस्ती’ लिहिणार होता. भ्यालाय म्हण, काय म्हणायचं ते म्हण. तुझ्या घरासाठी दुसरी जागा हुडकू, मी फिरतो पंचायतीत, मी भांडतो. पण ह्या कागदाला हात लावायला माझा हात उठत न्हाय.

प्रेमानंद गल्लीकडं बघत होता. खाली गल्लीतनं माणसं येत-जात होती, आणि एक्केचाळीसपाशी येऊन वळत होती. वरनं बघताना ते ड्रोनच्या फोटोसारखंच दिसत होतं, फक्त हलत होतं.

“वस्ती लिवलीस की परत तेच रं,” तो म्हणाला. “ती हितं हाय असं लिवलं म्हणून तिला तिकडं कुणी हुडकलं न्हाय. पन्नास वर्षं तेच लिहीत आलोय. एकदा कुणीतरी खरं लिव. ती हितं न्हाय.”

आणि मग म्हणाला, जागेचं मागनं बघू. जागा मला नको म्हणत न्हाय मी. पण आधी हे.

शुक्रवारी सकाळी लिंबाखाली टेबल मांडलं. रिकामी लिहायचं म्हणजे पंचनामा लागतो, दोन साक्षीदार लागतात, गावातले, वयस्क. रविराजनं कुणाला बोलावलं न्हाय. तो एकटा टेबलापुढं बसला आणि प्रेमानंद आज्जीचा हात धरून आला. मष्णू आप्पा त्यांच्या आधीच येऊन उभे होते. धुतलेला सदरा, टोपी. ते टेबलाजवळ आले आणि म्हणाले, “हाय म्हणणारा मीच व्हतो. न्हाय म्हणायलाबी मीच पायजे.”

त्यांनी सही केली.  मग सुलाबाईनं शाईच्या डबीत अंगठा टेकवला. डोक्यावरचा पदर तिनं मागं घेतला, तोंड उघडं ठेवलं, आणि रविराजला म्हणाली, माझ्याकडं बघ आधी, मग घे. रविराजनं तिच्याकडं बघितलं. मग कागद पुढं केला. घर नंबर एक्केचाळीस, मालुबाई, हजर न्हाय. त्याच्याखाली अंगठा उमटला, मधनं तिरकी पांढरी रेघ. मष्णू आप्पा लिंबाच्या बुंध्याला धरून खाली बसले.

रविराजनं शीटवर लिहिलं, रिकामी. पाठवून दिलं.

त्याला वाटलेलं की आता वाट सरळ होईल. तसं काय झालं न्हाय. शनिवारी शेरडं आली, वळून गेली. रविवारी तो मुद्दाम गेला, तेव्हाबी माणसं वळत होती. रोव्हर परत गेलेला, पण बघायला रोव्हर लागत नव्हता. पंचायतीनं प्रेमानंदला कळवलं की कागद पुढं गेलेत, महिन्यात जागा नावावर होईल. मष्णू आप्पांनी ह्या वेळी बघूया म्हटलं न्हाय. आखणीला मी येतो, असं स्वतःच म्हणाले.

सोमवारी दुपारी प्रेमानंदचा फोन आला. लॅबमधनं न्हाय, गावातनं. आवाज बारीक केलेला. म्हणाला, लगेच ये. रविराज कोगनोळीला एका कामावर होता, तिथनं गाडी काढून गेला. प्रेमानंद वाटंवर उभा होता, एक्केचाळीसच्या समोर, वळणाच्या बाहेर. त्यानं बोट तोंडावर ठेवलं.

दोघं उभे राहिले. आधी रविराजला काय ऐकू आलं न्हाय. मग आलं. खुर्रर्र नव्हतं. त्याच्याहून बारीक, पुष्कळ, एकात एक मिसळलेलं. चिवचिव. घोट्याएवढ्या उंचीवरनं. पसरत होतं, गोळा होत होतं, परत पसरत होतं.

शुक्रवार, शनिवार, रविवार. रविराजनं दिवस मोजले, तीन. प्रेमानंदनं आधीच मोजलेले.

“पिल्लं निघाली की येते म्हणालती,” प्रेमानंद म्हणाला.

त्याच्या आवाजात भीती होती का न्हाय हे रविराजला सांगता येत न्हाय. कुणी पाहुणं यायचं असलं आणि स्टँडवर घ्यायला कोण गेलं नसलं की घरात जशी चुळबुळ होते, तसं कायतरी होतं. तो सांगायला लागला. वैशाखात धरणाचं पाणी उतरतं, मधल्या गल्लीचे चौथरे उघडे पडतात. तो जाणार. पाया त्यानंतरच खणणार. आज्जीला एवढं चालवायचं न्हाय, पण ती म्हणाली हाय की त्या दिवशी ती एक्केचाळीसात तीन दगड मांडून बसून राहणार. तिकडं गाळात कुठलं घर कुठलं ते त्याला एकट्याला कळायचं न्हाय. नकाशा वाचणारा माणूस पायजे.

“दारात जाऊन हाक मारायची,” तो म्हणाला. “त्या दिवशी राहिली ती. म्हातारीला एकटीला एवढं लांब चालत यायला लावायचं न्हाय.”

रविराजनं वाटंकडं बघितलं. त्याला आपण काठी टाकून कसे पळालो ते आठवलं. चिवचिव चालूच होती, आता कट्ट्याच्या कडेपर्यंत आल्यासारखी, त्यांच्या पायांपासनं हातभर अंतरावर. त्याचा पाय आपोआप मागं निघाला होता. त्यानं तो परत होता तिथं ठेवला.

“येतो,” तो प्रेमानंदला म्हणाला. “नकाशा मी धरतो, हाक तू मार. आणि कुणी ओ दिली, तर ह्या वेळी मी पळणार न्हाय.”